दिल्लीच्या नोकरीबद्दल आई-बाबांना

ती. आई-बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोनवर बाबांनी विचारले की सैन्यातून निवृत्त होऊन वर्ष उलटून गेले, आता परवानगीचाही प्रश्न नाही, मग घोडे कुठे अडले आहे? मी विषय बदलला, कारण दिल्लीच्या त्या शस्त्रास्त्र कंपनीला मी आदल्याच दिवशी नकार कळवला होता. हे फोनवर सांगितले असते तर आई रात्रभर जागी राहिली असती, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

बाबांचे म्हणणे नियमाला धरूनच आहे. निवृत्तीनंतर वर्षभराच्या आत खाजगी नोकरी धरायची असेल तर सरकारची परवानगी लागते, आणि माझे ते वर्ष संपले आहे. माझ्या बरोबरीच्या कितीतरी सज्जन माणसांनी शस्त्रास्त्र कंपन्यांत कामे घेतली आहेत, त्यांना मी नावे ठेवत नाही. नागपूरजवळ बाजारगावच्या कारखान्यात दारूगोळा तपासायला बोलावले असते तर मी आनंदाने आलो असतो. पण या कंपनीला माझ्या ज्ञानापेक्षा माझ्या ओळखींची गरज होती. माझ्या हाताखाली तयार झालेले अधिकारी आज खरेदीच्या फायली हाताळत आहेत, आणि त्यांच्या मनात माझ्याविषयी जो आदर आहे त्याचाच मला पगार मिळणार होता.

खरेदी बिघडवायला नोटांचे पाकीटच लागते असे नाही, बाबा. शस्त्र कसे हवे हे आधी मुख्यालयात लिहून ठरते. त्या कागदाला आम्ही जीएसक्यूआर म्हणतो. त्यात वजनाची मर्यादा दोन किलोने खाली आणली किंवा पल्ला थोडा वाढवला, की मैदानी चाचणी सुरू होण्याआधीच एखादी कंपनी बाद होते. अशी ओळ जुन्या साहेबांनी चहा पिताना सहज सुचवली, तर समोरच्या कर्नलला नाही म्हणणे किती जड जाते हे मी पाहिले आहे. अमेरिकेत तीन आणि चार ताऱ्यांच्या, म्हणजे सर्वांत वरच्या हुद्द्यांच्या, निवृत्त अधिकाऱ्यांना संरक्षण खात्याकडे लॉबिंग करण्यास दोन वर्षे कायद्यानेच मनाई आहे, ती उगाच नाही.

बोफोर्स तुम्हाला आठवतच असेल. 1986 मध्ये 410 तोफांचा करार झाला आणि 1987 मध्ये स्वीडिश रेडिओने दलालीची बातमी फोडली. तोफ उत्तम होती, कारगिलमध्ये तिने ते दाखवून दिले. तरी त्या डागामुळे पुढे प्रत्येक अधिकारी सही करायला कचरू लागला, आणि परदेशी बनावटीची पुढची नवी तोफ देशात यायला 2017 उजाडले. मधल्या सगळ्या वर्षांत जवानांनी जुन्याच तोफांवर भागवले. त्यांतले बरेचसे जवान माझे होते.

लहानपणी दिवाळीत एका पुरवठादाराने घरी काजूकतलीचा खोका आणून ठेवला होता. तो बाबांनी सायकलच्या कॅरिअरला बांधून परत नेला, मी रुसून बसलो, आणि आईने रात्री रव्याचे लाडू वळायला घेतले. त्यामुळे मी नकार दिला असे म्हणून जबाबदारी तुमच्यावर टाकत नाही. निर्णय सर्वस्वी माझा आहे.

गुरगावच्या लिफ्टच्या फ्लॅटमध्ये तुम्हाला घेऊन जाण्याचे आपले ठरले होते, ते मात्र आता होणार नाही. पुण्याला दारूगोळ्याच्या सुरक्षिततेचा अभ्यासक्रम शिकवण्याचे काम मी स्वीकारले आहे. पगार निम्म्याहून कमी आहे, पण माझे पेन्शन आहे आणि तुमच्या कशातही कपात होणार नाही. आईच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेचे पैसे मी वेगळे ठेवले आहेत. धंतोलीच्या डॉक्टरांशी बोलणे झाले आहे, सुट्टी काढून मी स्वतः येणार आहे.

तोवर न्हाणीघरात आधाराचे दांडे बसवून घ्या. मिस्त्री रविवारी येईल, त्याला परत पाठवू नका. कूलरच्या ताट्या यंदा बदलायच्याच आहेत, मागच्या वर्षीच्या चालतील असे बाबांनी म्हणू नये, आणि कूलरमध्ये पाणी भरायला स्वतः स्टुलावर चढू नये. स्वयंपाकाच्या मावशींना संध्याकाळीही यायला सांगितले आहे. आई, दुपारी बाराच्या उन्हात भाजीला जाऊ नकोस. बाबांची साखर सोमवारी उपाशीपोटी तपासून आकडा मला कळव, त्यांच्यावर सोपवू नकोस.

तुमचा,
बाळ