तपासणी करायचं ठरवलंय

ती. आई-बाबा,

परवा फोनवर आई रडायला लागली आणि पोटातल्या बाळाच्या सिकलसेल तपासणीचं बोलणं अर्धवट राहिलं, म्हणून लिहून पाठवते आहे. बाबा, आईला सगळं वाचून दाखवा, मधलं गाळू नका.

मी एएस, म्हणजे सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची वाहक, आणि तुमचे जावईही एएस. म्हणजे बाळ एसएस, म्हणजे तो आजार असलेलं, निघण्याची शक्यता चारात एक, आणि ही दर गरोदरपणात तेवढीच. "तुम्ही दोघं धडधाकट, मग बाळाला सिकलसेल कसा होईल?" असं बाबांनी विचारलं होतं. वाहकाला सहसा काही त्रास नसतो, म्हणून तर तपासल्याशिवाय कळत नाही.

आई, तू म्हणालीस, "कायले पोटात सुई खुपसून घेतेस?" सुई बाळाला टोचत नाहीत. अकराव्या ते चौदाव्या आठवड्यात सोनोग्राफीत बघत बघत बाळाच्या वारेचा (प्लासेंटाचा) अगदी थोडा अंश काढतात आणि त्यातला डीएनए तपासतात. गर्भजल काढायचं तर सोळाव्या आठवड्याच्या आसपास थांबावं लागतं. तेवढी वाट बघणं मला झेपणार नाही. वारेच्या तपासणीने गर्भ पडण्याचा जास्तीचा धोका अनुभवी डॉक्टरकडे दोनशेत एकाहून कमी आहे. एकीकडे चारात एक, दुसरीकडे दोनशेत एक. कागदावर हिशेब सरळ दिसतो, पण मला तो सरळ वाटत नाही. त्या दोनशेतलं एक आमचं निघालं, तर गेलेलं बाळ बहुधा निरोगीच असेल, आणि सुई घ्यायला आम्ही आपल्या पायांनी गेलेलो असू.

जावई म्हणत होते, जन्मल्यावर टाचेतलं रक्त तपासू. तेही चूक नाही. लवकर कळलं तर दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यापासून पेनिसिलिन, न्यूमोकोकलची लस, पुढे दुखण्याचे झटके कमी करणारं हायड्रॉक्सीयुरिया, असे उपचार सुरू करता येतात. मामाला यातलं काहीच मिळालं नव्हतं.

पण मला आधी कळायला हवं आहे. रिपोर्ट फक्त एए (म्हणजे सिकलसेल नाहीच), एएस की एसएस एवढंच सांगेल. दुखणं किती असेल ते सांगणार नाही. मामा थंडीत हाडांच्या दुखण्याने रात्रभर कण्हायचा, आणि आपल्या गल्लीतली एक बाई एसएस असून जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. दोघांचा रिपोर्ट एकच, एसएस. म्हणून एसएस निघालं तर काय करायचं, हे आम्ही आज ठरवलेलं नाही. कायद्याने वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरच्या मतावर गर्भपात करता येतो, म्हणजे रिपोर्टनंतर विचाराला वेळ उरेल. तो निर्णय आम्ही दोघं घेऊ. तेव्हा तुम्ही रागवा, पण आता नको.

काकू विचारतील, "मुलगा की मुलगी, ते बघायला गेले का?" त्यांना सांगा, लिंग कळणार नाही असं लिहिलेल्या संमतीपत्रावर सही करूनच ही तपासणी होते. महाराष्ट्राने याचा कायदा 1988 मध्येच केला, देशाचा 1994 मध्ये झाला.

आणि आई, मामामुळे तू स्वतःला बोल लावून घेऊ नकोस. त्यापेक्षा भाऊची तपासणी करून घे. माझ्यासारखा तोही एएस असू शकतो. नुसत्या सोल्युबिलिटी या प्राथमिक रक्तचाचणीवर थांबू नका, एएस की एसएस ते सांगणारी इलेक्ट्रोफोरेसिस चाचणीही करा. बघायला जाण्याआधी मुलीकडच्यांनाही मोकळेपणाने विचारा. पत्रिका मग जुळवा.

तपासणीच्या आदल्या दिवशी ये. दोन दिवस जड उचलायचं नाही म्हणतात, आणि जावयांना भाकरी येत नाही.

तुमची,
ताई