मंजू, हे तुलाच सांगायचं होतं

प्रिय मंजू,

इकडे सगळे बरे. आईचे गुडघे होते तसेच. पण चिन्मयला डेंग्यू झाला होता, आणि त्या दिवसांत मला सारखी तुझी आठवण येत होती.

पाचव्या दिवशी ताप उतरला. घरात साखर वाटायचीच बाकी होती, आणि माझ्या पोटात गोळा आला. केशवाहिन्यांतून गळती सुरू होते ती तेव्हाच ना! जो तो विचारी, "प्लेटलेट किती?" काका पपईच्या पानांचा रस घेऊन आले. हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशींची टक्केवारी, ३८ वरून ४६ वर गेलं होतं, ते कोणी विचारेना. रक्तपेशी वाढल्या नव्हत्या गं, केशवाहिन्यांच्या भिंतींतून प्लाझ्मा, रक्तातला पातळ भाग, बाहेर चालला होता, त्यातल्या अल्ब्युमिन या प्रथिनासकट.

१९२७ मध्ये लँडिस या शास्त्रज्ञाने बेडकाच्या मेसेंटरीतली (आतडं धरून ठेवणाऱ्या पातळ पडद्यातली) एकच केशवाहिनी काचेच्या काडीने दाबून धरली, अडकलेल्या तांबड्या पेशी किती वेगाने सरकतात ते पाहिलं आणि पाणी किती झिरपतंय ते काढलं. एका केशवाहिनीचं! इथे अख्ख्या मुलाची गळती मोजायला काय, तर काही तासांनी एक आकडा, लघवीचं माप आणि छातीत पाणी दिसतंय का बघायला सोनोग्राफी.

मग रात्री हिमॅटोक्रिट खाली आलं. वहिनी आनंदली. मला मात्र केशवाहिनीची भिंत किती झिरपू देते ते काढायच्या क्रोनच्या सूत्रावरून मेसमध्ये झालेलं आपलं भांडण आठवलं. (माझ्या वहीवरचा वरणाचा डाग अजून आहे, बाई!) पदार्थ फार सहज बाहेर पडत असेल तर हाती येतो तो आकडा भिंतीचा नसतो, रक्तप्रवाहाचा असतो, असं तू म्हणायचीस, मग हळू जाणारा घ्या, मोठ्या रेणूचं इन्युलिन घ्या, म्हणून मी ओरडायचे. इथे दुसरा पदार्थ कुठून आणू? आकडा उतरला तो गळती थांबली म्हणून, सलाइन जास्त गेलं म्हणून, की आत कुठे रक्तस्राव होतोय म्हणून? बाहेर गेलेला प्लाझ्मा परत आत येऊ लागला आणि सलाइन तसंच चालू राहिलं, तर फुप्फुसात पाणी. हे कोणाशी बोलणार? डॉक्टरबाई नाडी, रक्तदाब पाहून सलाइनचा वेग बदलत राहिल्या. पोट मऊ होतं, लघवी भरपूर झाली, तेव्हा कुठे मी चहा घेतला.

आता तो घरी आहे, पोहे मागतो.

तुझी बदली झाली का? केतकीची दहावी ना यंदा? तुमच्याकडे कोणाला झालाच, तर ताप उतरल्यावर पुढचे दोन दिवस डोळ्यांत तेल घालून बस. दिवाळीला येच, वहिनीला सांगून ठेवलंय.

तुझी,
विद्या