नानांनी पाठवलेलं खोकं

प्रिय बंड्या,

सप्रेम नमस्कार. तुझ्या मागच्या पत्राला उत्तर दिलं नाही, त्याबद्दलच्या शिव्या देऊन झाल्या असतील तर पुढे वाच. प्रकृती बरी आहे. पाठ होती तशीच. डॉक्टर म्हणतात गाडीखाली झोपणं बंद करा, मी हो म्हणतो. तुझं मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट पार पडल्याचं वहिनींकडून कळलं. आता तरी टायमिंगची खूण चष्म्याशिवाय दिसेल तुला.

फोन न करता लिहितोय, कारण फोनवर तू मध्येच हसतोस. आणि या वेळी तू हसणार हे मला ठाऊक आहे.

नानांनी केस पाठवली. बीटलच्या इंजिनाची, क्रँक ज्याच्या पोटात फिरतो ते कवच.

कुठली म्हणून विचारू नकोस. तीच. माळ्यावरची. आपण नुसती बघायला जायचो आणि नाना खोक्याचं झाकण दोन बोटं उचलून परत बंद करायचे, ती. 1600 ची, स्टँडर्ड मापाची, कारखान्यातून निघाल्यापासून एकदाही इंजिनात न बसलेली. खोकं दारात आलं तेव्हा मला वाटलं आमच्या हिने काहीतरी मागवलंय. खिळे काढले, वरचा तेलकट कागद बाजूला केला, आणि तिथेच फरशीवर बसलो. मॅग्नेशियमचं ते राखाडी धूड आपल्याला वाटतं त्यापेक्षा हलकं असतं, हे दर वेळी विसरायला होतं. जोडाचे बोल्ट सोडवून मेन बेअरिंगच्या बैठकीतून बोट फिरवलं. ओरखडा नाही, खाच नाही. ग्रीस जुनं होऊन मधासारखं घट्ट झालेलं, पण खालचा धातू काल कापल्यासारखा स्वच्छ.

आत एक चिठ्ठी होती. मला वाटलं काही निरोप असेल. तर त्यात नानांच्या अक्षरात काय, ‘फायरिंग 1-4-3-2. व्हॉल्व्ह थंड इंजिनवर 0.15. तेल अडीच लिटर, जास्त ओतू नको.’ बस. इतकी वर्षं बीटल चालवतोय मी, आणि मला फायरिंग ऑर्डर, सिलिंडर पेटायचा क्रम, शिकवतायत! खाली सहीसुद्धा नाही.

लगेच फोन केला. पैशांचा विषय काढला तर म्हणाले गुडघा फार त्रास देतोय. परत काढला तर म्हणाले पावसाळी हवेत जास्तच. मी मुकाट्याने गुडघ्यावर बोललो. त्यांची गाडी त्यांनी भाचीला दिली, ते तुला माहीत असेलच. आता चालवत नाहीत. डोळे.

इथपर्यंत सगळं छान. खरं दुखणं पुढे आहे.

तो मॅट काळ्या रंगाचा पोरगा आठवतो का? मेळाव्याला आला होता, गाडी जमिनीला टेकेल इतकी खाली बसवायचं म्हणत होता, आणि तू त्याला टॉर्शन बारवर व्याख्यान दिलंस. त्याचं इंजिन गेलं. नेहमीचंच, तीन नंबरचा सिलिंडर. जुन्या पंख्याच्या खोक्यात ऑइल कूलर तीन नंबरच्या वाटेतच उभा, त्या बिचाऱ्याला गार वारा मिळतोच कमी. एक्झॉस्ट व्हॉल्व्हचं मुंडकं तुटून पिस्टनवर पडलं, रॉड निसटला आणि केसला भोक पाडून बाहेर आला. मी स्वतः पाहिलं. भोकातून कॅमशाफ्ट दिसतो. त्याला वेल्डिंग करून देणारा कुणीतरी भेटलाय म्हणे. मॅग्नेशियमला! मी म्हटलं, बाबा रे, आधी आग विझवायची तयारी ठेव.

नवी केस घे म्हणणं सोपं आहे. त्याच्याकडे पैसे नाहीत हे उघड दिसतं. गाडीला सीट एकच आहे, तीही दुसऱ्या कुठल्या तरी गाडीची.

आता तू म्हणशील, मग देऊन टाक, त्यात पत्र काय लिहायचं? थांब. माझ्या इंजिनचं ऐक. क्रँकची पुली धरून मागेपुढे ओढली की टक् असा आवाज यायला लागलाय. डायल गेज लावून पाहिलं, क्रँकची ढिलाई 0.14 मिलिमीटर. हद्द 0.15. मास्तर म्हणतात फ्लायव्हीलमागच्या तीन शिम, त्या पातळ चकत्या, बदल, भागेल. पण एक नंबरचं बेअरिंगच केसमध्ये हलत असेल तर शिम काय करणार? तिथे बेअरिंगच्या बैठकी मोठ्या कापून घ्यायच्या, लाइन बोअरच करावा लागतो, आणि माझी केस आधीच एकदा बोअर झालेली आहे. म्हणजे आज ना उद्या मलाही हीच लागणार. नानांना हे ठाऊक होतं. मी त्या टक् टक्‌बद्दल त्यांच्याजवळ रडलो होतो. म्हणून तर पाठवली.

आणि बरं, अर्धी त्याला अर्धी मला असंही नाही करता येत. दोन्ही अर्धी एकत्र धरूनच कापलेली असतात, एकाची दुसऱ्याला बसत नाही. नाही तर मी वाटणीसुद्धा सुचवली असती.

मी ठेवून घ्यायचीच ठरवली होती. चांगली दोन दिवस झोपही लागली. मग आठवलं. त्याच मेळाव्यात त्या पांढऱ्या गाडीवाल्या बाईंचा कंडेन्सर गेला होता. पॉइंटवर निळ्या ठिणग्या उडत होत्या आणि गाडी चालू व्हायला तयार नव्हती. आपण सगळे भोवती उभे राहून ज्ञान पाजळत होतो. हा पोरगा गेला, स्वतःच्या डिस्ट्रिब्यूटरचा एक स्क्रू काढला, अंगठ्याएवढा तो कंडेन्सर आणून त्यांच्या गाडीला लावला, आणि गाडी चालू झाल्यावर हात पुसत आपल्या बंद गाडीत जाऊन बसला. त्या निघून गेल्या. संध्याकाळी कुणीतरी जुना कंडेन्सर शोधून आणेपर्यंत तो तिथेच होता. तू तेव्हा फोटो काढत होतास, तुला दिसलं नसेल. माझ्याजवळ डिकीत एक सुटा कंडेन्सर होता की नाही, ते विचारू नकोस.

आता नानांची वही. 2003 च्या जुलैत मेक्सिकोत पुएब्लाला शेवटची बीटल निघाली, त्या सुमारास त्यांनी ती सुरू केली. दोन कोटी पंधरा लाखांवर गाड्या निघाल्या जगात, पण आता सुटा भाग मिळेल तो कुणाच्या तरी माळ्यावरच, असा त्यांचा हिशेब. कुणी काय नेलं एवढंच तीत लिहिलेलं. किमतीचा रकानाच नाही. कुणाला स्टार्टर लागला की वही उघडायची, तो सध्या कुणाकडे पडून आहे ते बघायचं, त्याला फोन. माझ्या नावापुढे आता ‘केस’ लिहिलं असेल. ती पोराकडे गेली तर खोडून त्याचं नाव घालावं लागेल. नाना ते हसत करतील की मनात म्हणतील, याला माझ्या वस्तूची किंमत नाही? मला खरंच कळत नाही.

हं, आता हस. सिमाफोर, वळताना गाडीच्या बाजूने बाहेर येणारे ते इशाऱ्याचे हात.

आठवलंच असणार तुला. तू त्या टाय घातलेल्या गृहस्थांना सिमाफोरची जोडी दिलीस, दोन्ही हात धड, दिवे लागणारे. 1960 नंतर बीटलला ते आलेच नाहीत, म्हणजे काय मोलाची जोडी ती! आणि महिन्याभरात त्यांनी विकली. मी तुला गाढव म्हणालो. तू म्हणालास दिलं ते दिलं, पुढे त्याने काय करायचं ते मी का बघू? मी म्हटलं नानांची वस्तू आहे, निदान त्यांना विचारायचंस. मग आपण किती तरी दिवस बोललो नाही, आणि आमच्या हिने वहिनींना फोन करून आपल्याला एका खोलीत बसवलं. मी अजूनही म्हणतो, तू गाढव आहेस. फक्त आता पोरगा गाडी विकून टाकेल का, हा प्रश्न मलाच पडलाय, आणि त्याचं उत्तर म्हणून तुझंच वाक्य तोंडात येतंय, याचा मला भयंकर राग आहे.

आणखी एक. समजा दिली. त्याच्याकडून शब्द घ्यायचा का, की रंग मूळचाच ठेव, गाडी खाली बसवू नकोस? ही म्हणते, अटी घालायच्या असतील तर सरळ भाड्याने दे. तिला इंजिनातलं काही कळत नाही, पण माझ्यातलं कळतं.

शिम मागवल्या आहेत. मास्तरांचं खरं निघालं तर माझी गाडी आणखी काही वर्षं ओढेल. तोवर केस पलंगाखाली आहे. पोराला अजून काही बोललो नाही. तो वेल्डिंगवाल्याकडे रविवारी जाणार आहे, म्हणून घाई.

तुझ्या लेकीचा निकाल कळला, तिला शाबासकी सांग, पेढ्यांऐवजी मी तिला गाडी चालवायला शिकवीन. बदलीचं काय झालं? घर बदललंस तर गॅरेज आधी बघ, स्वयंपाकघर नंतर. हे वहिनींना वाचून दाखवू नकोस.

आता काम. नानांना फोन कर. माझ्याशी ते गुडघ्यावरच बोलणार, तुझ्याशी मोकळे बोलतात. आधी डोळ्यांचं विचार, भाची गाडी कशी चालवते ते विचार, मग सहज बोलता बोलता त्या पोराच्या इंजिनाचं काढ, भोक केवढं आहे ते नीट सांग, आणि काय म्हणतात ते ऐक. मी सांगितलं म्हणून विचारतोयस हे कळू देऊ नकोस. रविवारच्या आत कळव.

तुझा,
पाठदुखीवाला

ता. क. 36 नंबरची गोटी, पान्याची, तुझ्याकडे आहे. माझी आहे. फ्लायव्हील काढायला लागेल, पाठवून दे.