उताणा पडलेला भुंगेरा

परळ, मुंबई
१० ऑगस्ट

प्रिय दिगंबर,

तुझं पत्र परवा मिळालं. गव्हाच्या थप्पीला धुरी दिलीस, तिसऱ्या दिवशी ताडपत्री काढली तेव्हा किडे उताणे पडले होते, आणि महिन्याभरात पोती पुन्हा भरली. आता धुरीच्या, ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या दुप्पट टाकणार म्हणतोस. दिग्या, तसं करू नकोस. का, ते नीट सांगतो, कारण गेली दोन वर्षं मी हेच बघत बसलोय.

आमच्या प्रयोगशाळेत पिठातले तांबडे भुंगेरे बरण्यांत वाढवतो. पहिल्यांदा डेल्टामेथ्रिन हे कीटकनाशक लावलेल्या कागदावर सोडले तेव्हा काही मिनिटांत सगळे उताणे, पाय थरथरताहेत. हे औषध मज्जातंतूंतली सोडियमची दारं मिटू देत नाही, म्हणून ती थरथर. मी वहीत सगळे 'मेले' लिहून घरी गेलो. बाहेर धो धो पाऊस, गाड्या बंद, रात्री अकराला पोचलो. सकाळी येऊन बघतो तर त्यांतले कितीतरी चालत होते! रात्रभरात त्यांच्या अंगातल्या एन्झाइमांनी विष फोडून टाकलं होतं. त्या दिवसापासून पडलेल्या किड्याला मी मेलेला म्हणत नाही.

मॅलाथिऑन या दुसऱ्या कीटकनाशकाची गोष्ट तर आणखी विलक्षण आहे. ते मुळात तितकं जहाल नसतं, किड्याचंच शरीर त्याचं मॅलाऑक्सॉन करतं आणि मग ते मज्जातंतूंचा निरोप थांबवणारं एन्झाइम अडवतं. पण ज्या भुंगेऱ्यांकडे मॅलाथिऑन तोडणारं एन्झाइम जोरात चालतं, ते आधीच त्याचे तुकडे करून मोकळे होतात. वाचलेल्यांनाही हे फुकट पडत नाही. साठवलेली चरबी आणि ग्लायकोजेन त्यात खर्ची पडतं, अंडी बऱ्याचदा कमी होतात. पण जी होतात ती वाचलेल्यांची असतात, हे तुझ्या गोडाऊनचं खरं दुखणं.

आता तुझ्या गोळ्या. ३ ग्रॅमची गोळी हवेतल्या ओलाव्याने १ ग्रॅम फॉस्फीन सोडते. हा वायू पेशींच्या श्वसनाची शेवटची कडी अडवतो. म्हणजे किडा जितका जोरात श्वसन करेल, तितका लवकर मरेल. अंडी आणि कोष मंद श्वसन करतात, म्हणून तेच टिकतात. आणि वायू एकदम दाट झाला तर प्रौढ किडाही गुंगीत जातो, विष आत घेणंच कमी करतो. दुप्पट गोळ्यांनी तू त्याला हीच गुंगी देशील. त्याला मारतात ते दिवस. किमान सात दिवस थप्पी बंद हवी, ताडपत्रीच्या कडांवर वाळूच्या पिशव्या, भोक एकही नको. तिसऱ्या दिवशी उघडलंस म्हणजे अंड्यांना सोडून दिलंस. गळक्या ताडपत्रीखाली तर थोडं थोडं विष सोसू शकणारेच निवडले जातात. २०१२ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी दाखवलं की ऊर्जा तयार करण्याच्या कामातल्या एका एन्झाइमचं जनुक बदललं की तांबडा भुंगेरा आणि दाणे पोखरणारा भुंगेरा, दोघेही फॉस्फीनला दाद देत नाहीत.

आणि अण्णांना त्या सात दिवसांत गोडाऊनकडे फिरकू देऊ नकोस. धुरीचं काम परवानाधारक माणसांकडूनच करून घे. घरच्या गव्हाच्या डब्यात तर ही गोळी कधीही नको. या विषावर उतारा नाही.

एक काम कर. धुरीच्या आधी थप्पीखालचे शे-दोनशे जिवंत किडे जाळीच्या झाकणाच्या बाटलीत, मूठभर गव्हासकट, रघूबरोबर पाठव. आम्ही ते ठरलेल्या मात्रेच्या फॉस्फीनमध्ये २० तास ठेवू, मग स्वच्छ हवेत, खायला दाणे घालून. किती मेले ते १४ दिवसांनी मोजतात, म्हणजे तुझे किडे फॉस्फीनला दाद देतात की नाही ते कळेल. तोवर गोळ्यांचा डबा उघडू नकोस.

तुझा,
सुहास