फोर-बाय-फोरचा जोर आणि डिफरन्शिअलमधलं पाणी

महोदय,

पावसाळ्यात कास-बामणोलीकडे फोर-बाय-फोर (चारही चाकांना इंजिनचा जोर मिळणाऱ्या) गाड्यांची रांग लागते. ‘गाडी आदळते’ ही त्यांच्या मालकांची नेहमीची तक्रार. लॅडर फ्रेम (शिडीसारखा सांगाडा) आणि मागे दोन्ही चाकांना जोडणारा अखंड अ‍ॅक्सल म्हटल्यावर थोडं आदळणारच. पण निम्मा त्रास जास्त हवा भरल्याने होतो. दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर लिहिलेलीच हवा भरा, तीही टायर थंड असताना. चिखलात पाच-सात पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) कमी चालते, डांबरावर येताच पुन्हा भरायची. उंची वाढवणारं किट हौसेने बसवलं, की चाकांकडे जोर नेणाऱ्या दांड्याचा, म्हणजे प्रोपेलर शाफ्टचा कोन बदलतो, गाडी थरथरते आणि त्याचा सांधा, म्हणजे क्रॉस लवकर जातो.

कोरड्या यवतेश्वर घाटात फोर-एच (चारही चाकं जोडणारा वेगाचा गिअर) लावून फिरणं तर निव्वळ नुकसान. पार्ट-टाइम, म्हणजे गरजेपुरतीच चारही चाकं जोडणाऱ्या यंत्रणेत पुढच्या आणि मागच्या अ‍ॅक्सलच्या मध्ये डिफरन्शिअल (चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरसंच) नसतो. वळणावर पुढची-मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात, तो ताण ट्रान्सफर केस (पुढे-मागे जोर वाटणारी गिअरपेटी) सोसते.

खरी मेख ओढ्यात. अ‍ॅक्सलवरचा तापलेला डिफरन्शिअल थंड पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि ब्रीदर (त्याचं हवा जाण्या-येण्याचं भोक) तुंबलेला असेल तर सीलमधून पाणी ओढलं जातं. दुसऱ्या दिवशी लेव्हल प्लग (तेलाची पातळी बघायचं बूच) सोडून बोटाला तेल लावून पाहा. चहासारखं दुधाळ दिसलं तर सर्व्हिसची तारीख बघत बसू नका, तेल लगेच बदला. ब्रीदरची नळी इंजिनखोलीत उंच नेऊन बांधणं हे किरकोळ खर्चाचं काम आहे. ते सोडून लोक आधी छतावरचे दिवे लावतात!

– एक वाचक, सातारा