'२० टन' वजनक्षमतेच्या दाव्यावर विकलेल्या गॅरेज टाइल्सबाबत तक्रार

प्रति,
ग्राहक तक्रार निवारण अधिकारी,
इंटरलॉकिंग फ्लोअर टाइल्स विभाग

विषय : घरच्या गॅरेज-कार्यशाळेसाठी घेतलेल्या इंटरलॉकिंग प्लास्टिक टाइल्सची वजनक्षमता, कच्चा माल आणि बसवण्याची पद्धत यांविषयी दिशाभूल करणारी माहिती दिल्याबाबत, टाइल्स परत नेऊन पूर्ण रक्कम परत करण्याबाबत.

संदर्भ : आपल्या संकेतस्थळावर नोंदवलेली माझी मागणी, तिची पावती व त्यानंतरचा ई-मेल पत्रव्यवहार.

महोदय / महोदया,

मी अकोल्यात राहतो. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत फिटर ट्रेडचा निदेशक म्हणून नोकरी करून मी निवृत्त झालो असून घराला लागून असलेल्या गाडीच्या शेडमध्ये माझी छोटी कार्यशाळा आहे. शेड साडेपाच मीटर लांब आणि साडेतीन मीटर रुंद आहे. एका भिंतीला व्हाइस बसवलेले टेबल, पिलर ड्रिल आणि बेंच ग्राइंडर आहे. उरलेल्या जागेत मुलाची गाडी उभी राहते आणि तिची किरकोळ दुरुस्ती आम्ही तिथेच करतो. या शेडसाठी मी आपल्या कंपनीच्या इंटरलॉकिंग टाइल्स घेतल्या. त्यांतल्या काही तडकल्या आणि काही उन्हाळ्यात वर उचलल्या गेल्या, या माझ्या तक्रारीवर आपल्या ग्राहक सेवा विभागाने 'अयोग्य वापर' असे दोन शब्दांचे उत्तर देऊन प्रकरण बंद केले आहे. ते उत्तर मला मान्य नाही आणि का मान्य नाही हे आपल्यापर्यंत सविस्तर पोहोचावे म्हणून हे पत्र लिहीत आहे.

टाइल्सची निवड मी विचार करूनच केली होती. आमच्याकडची जमीन काळ्या मातीची आहे. ही माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते, त्यामुळे शेडमधला कोबा दर काही वर्षांनी तडकतो. अशा कोब्यावर सिरॅमिक फरशी लावली तर कोब्याची भेग फरशीतही उमटते आणि इपॉक्सीचा थर दिला तर खालून येणारी ओल त्याचे पापुद्रे सोडवते. न चिकटवता नुसत्या अंथरायच्या, एकमेकींत अडकणाऱ्या टाइल्स या जागेला योग्य होत्या, कारण खालचा कोबा थोडा हलला तरी त्या तुटायचे कारण नाही आणि एखादी खराब झाली तर तेवढीच बदलता येते. हे माझे मत आजही कायम आहे. माझी तक्रार या प्रकारच्या टाइल्सविरुद्ध नाही. आपण ज्या माहितीच्या आधारावर मला त्या विकल्या, त्या माहितीविरुद्ध आहे.

आपल्या संकेतस्थळावर या टाइलखाली ठळक अक्षरांत 'वजनक्षमता : २० टन प्रति चौरस मीटर' असे लिहिलेले आहे आणि शेजारी तिच्यावर उभ्या असलेल्या ट्रकचे छायाचित्र आहे. हा आकडा वाचणाऱ्याला फार मोठा वाटतो. परंतु एका चौरस मीटरमध्ये १०,००० चौरस सेंटिमीटर असतात, म्हणजे २० टन प्रति चौरस मीटर याचा अर्थ दर चौरस सेंटिमीटरला फक्त २ किलो भार असा होतो. गाडीच्या टायरमध्ये ३२ पीएसआय हवा भरतात, तेव्हा तो दाब साधारण सव्वादोन किलो प्रति चौरस सेंटिमीटर असतो आणि टायर जमिनीवर जवळपास तेवढाच दाब देतो. याचा अर्थ आपण मिरवत असलेला आकडा लहान मोटारीच्या टायरखालच्या दाबापेक्षाही कमी आहे. प्रत्यक्षात टायरखाली टाइल्सना काहीही झालेले नाही, हे मी प्रामाणिकपणे नमूद करतो. टाइल तेवढे सहन करते. परंतु यावरून एवढे तर नक्की कळते की, ज्या आकड्यावर आपण माल विकता तो आकडा टाइल काय पेलेल आणि काय पेलणार नाही यांपैकी काहीच सांगत नाही.

कार्यशाळेत वजन पसरून पडत नाही, ते ठिकाणावर पडते. लहान गाडीचे पुढचे टोक उचलून दोन्ही बाजूंना घोड्या (गाडी टेकवून ठेवायचे लोखंडी जॅक स्टँड) लावल्या की एकेका घोडीवर अडीचशे ते तीनशे किलो वजन येते. घोडीला चार पाय असतात आणि प्रत्येक पायाची टेकणारी कड काही चौरस सेंटिमीटरचीच असते. पायाचा टेकणारा भाग ३ चौरस सेंटिमीटर धरला, तरी तिथला दाब २० ते २५ किलो प्रति चौरस सेंटिमीटर होतो, म्हणजे आपल्या आकड्याच्या दहापट किंवा त्याहून अधिक. आपली टाइल भरीव नाही. वर पातळ पृष्ठभाग आणि खाली उभ्या फासळ्यांची जाळी अशी तिची रचना आहे. घोडीचा पाय फासळीवर आला तर फासळी वाकते आणि दोन फासळ्यांच्या मधोमध आला तर पृष्ठभाग आत दबून तडकतो. माझ्या शेडमध्ये दोन्ही गोष्टी घडल्या असून त्यांची छायाचित्रे मी सोबत पाठवत आहे.

तडकलेल्या टाइलचे पैसे हा यातला लहान भाग आहे. मला खरी काळजी वाटते ती ट्रॉली जॅकची, म्हणजे गाडी उचलायच्या चाकांवरच्या जॅकची. या जॅकचा दांडा वर येताना सरळ उभा न जाता कमानीत फिरतो, त्यामुळे गाडी उचलली जात असताना जॅकला आपल्या लोखंडी चाकांवर थोडे पुढेमागे सरकावे लागते. कोब्यावर तो सहज सरकतो. आपल्या टाइलवर मात्र त्याची अरुंद चाके पृष्ठभागात रुततात आणि जॅक जागीच अडकतो. जॅक सरकला नाही की त्याच्या डोक्यावरची वाटी गाडीच्या तळाशी असलेल्या टेकणाच्या जागेवरून घसरू लागते. आमच्याकडे हे वेळीच लक्षात आले आणि गाडी खाली घेतली. तिच्याखाली कोणी नव्हते. आयटीआयमध्ये मुलांना पहिल्या दिवसापासून शिकवावे लागते की, नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जाऊ नये आणि घोडी नेहमी घट्ट, सपाट जमिनीवरच लावावी. 'घरच्या मेकॅनिकसाठी आदर्श जमीन' म्हणून आपण जी वस्तू विकता, तिच्यावर घोडी आणि जॅक या दोन्हींखाली जाड प्लायवूडची किंवा लोखंडी प्लेट ठेवणे अत्यावश्यक आहे, ही सूचना संकेतस्थळावर नाही, खोक्यावर नाही आणि आतल्या पत्रकातही नाही. एका ओळीची ही सूचना न छापणे हा माझ्या दृष्टीने आपला सर्वांत गंभीर दोष आहे, कारण टाइल तुटली तर बदलता येते, परंतु गाडी घसरून कोणाच्या छातीवर आली तर तिथे वॉरंटी उपयोगाची नाही.

दुसरा मुद्दा कच्च्या मालाचा. आपल्या पानावर फक्त 'औद्योगिक दर्जाचे पॉलिमर' असे लिहिलेले आहे. टाइल निवडताना ती पॉलिप्रॉपिलीनची आहे की पीव्हीसीची, हे कळणे सर्वांत महत्त्वाचे असते, कारण दोन्हींचा स्वभाव वेगळा आहे. लवचिक पीव्हीसीची भरीव टाइल ठिकाणावरचा भार अधिक चांगला झेलते आणि तिच्यावर हत्यार पडले तरी आवाज कमी होतो, परंतु ॲसिटोन किंवा थिनर सांडला तर ती मऊ पडते आणि टायरमधल्या रसायनांचे तपकिरी डाग तिच्यावर कायमचे बसतात. पॉलिप्रॉपिलीन डागांना आणि बहुतेक रसायनांना दाद देत नाही, परंतु ते कडक असते, पायाखाली वाजते आणि पोकळ साच्यात ओतलेले असल्यास ठिकाणावरच्या भाराला तडकू शकते. म्हणून खरेदीपूर्वी मी ई-मेलने विचारणा केली आणि आपल्या प्रतिनिधीने '१०० टक्के व्हर्जिन पॉलिप्रॉपिलीन, कोणताही भरणा नाही' (म्हणजे पुनर्वापर न केलेले, भुकटीसारखी भर न घातलेले प्लास्टिक) असे लेखी उत्तर दिले. त्या उत्तरावर विसंबूनच मी मागणी नोंदवली.

टाइल्स बसवताना कडेचे उरलेले तुकडे मी पाण्याच्या बादलीत टाकून पाहिले. शुद्ध पॉलिप्रॉपिलीनची घनता सुमारे ०.९ असते, त्यामुळे ते पाण्यावर तरंगते. आपल्या टाइलचा तुकडा तळाशी गेला. तुकड्याला चिकटलेली हवा पुसून पुन्हा टाकला, तरी तो बुडालाच. तांब्याची तार तापवून तुकड्याला लावली आणि पुन्हा ज्योतीत धरली, तेव्हा ज्योत हिरवी झाली नाही, म्हणजे त्यात पीव्हीसीसारखे क्लोरीनयुक्त प्लास्टिक असण्याची शक्यता कमी आहे. यावरून हे पॉलिप्रॉपिलीनच असावे, मात्र त्यात चुनखडी किंवा संगजिऱ्याच्या भुकटीसारखा जड भरणा बऱ्याच प्रमाणात असावा, असा माझा निष्कर्ष आहे. भरणा घालणे हा स्वतःमध्ये गुन्हा नाही, अनेक चांगल्या वस्तूंमध्ये तो असतो. परंतु भरण्यामुळे प्लास्टिक अधिक कडक होते आणि आघाताला ठिसूळ होण्याची शक्यता वाढते, आणि 'कोणताही भरणा नाही' असे लेखी दिल्यानंतर तो सापडणे ही सरळ खोटी माहिती ठरते. माझा निष्कर्ष चुकीचा आहे असे आपले म्हणणे असेल, तर त्याच लॉटचा प्रयोगशाळेचा अहवाल मला पाठवावा.

तिसरा मुद्दा बसवण्याच्या पत्रकाचा आहे. 'टाइल भिंतीला घट्ट भिडवून कापावी म्हणजे फिनिशिंग सुंदर दिसते' असे त्यात छापलेले आहे. पॉलिप्रॉपिलीन तापले की काँक्रीटच्या सुमारे दहापट प्रसरण पावते. प्रसरणाचा दर अगदी कमी, म्हणजे मीटरला दर अंशामागे ०.१ मिलिमीटर धरला, तरी साडेपाच मीटर लांबीत १५ अंशांच्या फरकाला ८ मिलिमीटरहून अधिक वाढ होते. अकोल्याचा उन्हाळा सगळ्या देशाला माहीत आहे. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि शटर उघडे असले की दुपारचे ऊन थेट जमिनीवर येते. पत्रकाप्रमाणे भिंतीला भिडवलेल्या टाइल्सना वाढायला जागाच उरली नाही, म्हणून शेडच्या मध्यभागी त्या तंबूसारख्या वर उचलल्या गेल्या आणि त्या ताणात काही टाइल्सच्या खुंट्या मोडल्या. चारही बाजूंनी बोटभर फट सोडून वरून पट्टी लावावी, एवढे पत्रकात असते तर हे टळले असते. विदर्भात माल विकणाऱ्या कंपनीला प्रसरणाची फट माहीत नसणे मला पटत नाही.

आपण बदली म्हणून ज्या टाइल्स पाठवल्या, त्या बहुधा वेगळ्या साच्यातल्या आहेत. त्यांच्या खुंट्या जुन्या कड्यांमध्ये सैल बसतात, रंगही किंचित उजळ आहे. एखादी टाइल खराब झाली तर तेवढीच बदला, हाच तर या प्रकाराचा मुख्य फायदा म्हणून आपण सांगता.

आपल्या पानावर या टाइल्सवर बसून ग्राइंडर चालवणाऱ्या कारागिराचे छायाचित्रही आहे. पॉलिप्रॉपिलीन १६० अंशांच्या आसपास वितळते आणि ग्राइंडरची तांबडी ठिणगी त्याहून कितीतरी अधिक तप्त असते. ग्राइंडरच्या कोपऱ्यात मी सुरुवातीपासूनच पत्रा अंथरला होता, म्हणून माझे तिथे नुकसान झाले नाही आणि त्याबद्दल माझी मागणीही नाही. मात्र ज्याला हे ठाऊक नाही, त्याच्या टाइल्सवर पहिल्याच दिवशी जळके खड्डे पडतील, म्हणून ते छायाचित्र काढून टाकावे.

वॉरंटीबद्दल एवढेच लिहितो की, संकेतस्थळावर '१० वर्षांची वॉरंटी' असे आहे, आणि 'जॅक, स्टँड, टोकदार भार व उष्णतेमुळे होणारे नुकसान वगळून' हा मजकूर खोक्यातल्या कार्डावर बारीक अक्षरांत आहे, जो पैसे भरल्यानंतरच वाचायला मिळतो. गॅरेजमधून जॅक, स्टँड आणि उष्णता वगळल्यावर वॉरंटीत काय उरते, याचे उत्तर आपणच द्यावे.

वरील सर्व बाबी ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मधील दिशाभूल करणारी जाहिरात आणि अनुचित व्यापारी प्रथा यांच्या व्याख्यांत बसतात, असे माझे म्हणणे आहे. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार तक्रार मिळाल्यापासून ४८ तासांत पोच देणे आणि एक महिन्याच्या आत तिचे निवारण करणे आपल्या तक्रार निवारण अधिकाऱ्यावर बंधनकारक आहे. त्या मुदतीत आपण सर्व टाइल्स स्वखर्चाने माझ्या घरून उचलून न्याव्यात आणि वाहतूक खर्चासह पूर्ण रक्कम मूळ खात्यात परत करावी. बदली टाइल्स, सवलतीचे कूपन किंवा अंशतः परतावा मी स्वीकारणार नाही.

याबरोबरच आपल्या संकेतस्थळावर टाइलचा नेमका कच्चा माल, पृष्ठभागाची व फासळ्यांची जाडी, ठिकाणावरच्या भाराची चाचणी करून मिळालेला आकडा, भिंतीलगत सोडायची फट आणि जॅक व घोडीखाली प्लेट ठेवण्याची सूचना या गोष्टी खरेदीच्या बटणाच्या आधी, वाचता येतील अशा अक्षरांत द्याव्यात. ज्यांनी या टाइल्स आधीच घेतल्या आहेत, त्यांना जॅकविषयीची सूचना आपण ई-मेलने तातडीने कळवावी. माझे पैसे परत करण्यापूर्वी हे केलेत तरी माझी हरकत नाही.

मुदतीत समाधानकारक लेखी उत्तर न मिळाल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार नोंदवीन आणि त्यानंतर अकोला जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे दाद मागेन. तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात तक्रार दाखल करण्याची मुभा २०१९ च्या अधिनियमाने दिलेली असल्याने, आपल्या अटींमध्ये लिहिलेले 'फक्त मुख्यालयाच्या शहरातील न्यायक्षेत्र' हे कलम मला त्यापासून रोखू शकत नाही. तडकलेल्या टाइल्स, कडेचे तुकडे आणि खोक्यातले पत्रक मी जपून ठेवले आहे. आपला तंत्रज्ञ पाहणीसाठी येणार असेल तर आधी कळवून यावे. जॅक आणि घोडी लावून सर्व प्रकार मी त्याच्यासमोर दाखवीन.

कळावे.

आपला,
(स्वाक्षरी)
तक्रारदार ग्राहक, अकोला

सोबत : पावती, ई-मेल पत्रव्यवहार, वॉरंटी कार्ड व बसवण्याचे पत्रक यांच्या प्रती आणि टाइल्सची छायाचित्रे.