हॅनोव्हरच्या गोल्फवाल्या काकांना

काका, तुम्हाला मराठी येत नाही, तरी हे पत्र मराठीतच लिहितेय. इंग्रजीत 'थँक यू' म्हणून झालं, पण मन भरलं नाही.

आई गेल्यावर चार महिन्यांनी बाबा फलटणहून आमच्याकडे अमेरिकेत न्यू हॅम्पशायरला आले. आसपासच्या आपल्या मराठी मंडळींनी फोनवर "काकांना भेटायला येतोच" म्हटलं. आजतागायत एकही फिरकला नाही. मीसुद्धा दिवसभर लॅपटॉपला चिकटलेली, त्यामुळे जास्त बोलायला मला तोंड नाही.

तुम्ही ऑकम तळ्याकाठी बाबांना एकदा भेटलात आणि दुसऱ्या दिवशी साडेनऊला आमच्या दारात उभे! इथल्या डार्टमथ कॉलेजचं बंद पडलेलं गोल्फचं मैदान तुम्ही त्यांना फिरून फिरून दाखवलंत. बाबांनी आयुष्यात गोल्फची काठी हातात धरलेली नाही. पण १८९९ सालचं मैदान, तिथे १९२२ मध्ये उभारलेली आणि १९९३ मध्ये पाडलेली स्कीच्या उड्यांची उंच घसरगुंडी, हे सगळं रात्री जेवताना ते मला ऐकवायचे. जुलै २०२० मध्ये कॉलेजने खेळांचे पाच संघ आणि हे मैदान एकाच घोषणेत बंद केलं. पुढच्या जानेवारीत संघ परत आले, त्यात गोल्फचेही. मैदान मात्र गेलं ते गेलंच. म्हणजे खेळाडू आहेत, घरचं मैदान नाही!

बाबांचा स्वतःचा कारखाना असाच एका कागदावर बंद झाला होता. म्हणून त्यांनी तुम्हाला विचारलं, "गवत कापणाऱ्या माणसांचं काय झालं?" तुम्ही चालता चालता थांबलात म्हणे. मग कितीतरी वेळ त्या माणसांबद्दलच बोलत राहिलात.

पण मला आठवतं ते वेगळंच. एके दिवशी मीही सोबत होते. चढावरच्या बाकावर बर्फ भुरभुरलं होतं. बाबांचा गुडघा दुखत होता, पण ते बोलले नाहीत. तुम्ही गळ्यातला मफलर काढलात, बाक पुसलात, फळ्यांच्या फटीतलं पाणीसुद्धा टिपलंत, आणि काही झालंच नाही अशा थाटात नदीकडे बोट दाखवून गप्पा सुरू ठेवल्यात. तोच ओला मफलर परत गळ्यात! नात्याचा ना गोत्याचा माणूस. अशी माणसं जगात असतात, हे मी विसरलेच होते.

तो मफलर बाबांनी हट्टाने मागून आणला होता. परत जायच्या आदल्या दिवशी स्वतःच्या हाताने धुतला. सोबत पाठवतेय. डब्यात शेंगदाण्याची चटणी आहे. तिखट आहे, बेताने खा.